विजेच्या चढणीवरून

ग्लासगो,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिगू,

स. न. वि. वि.

घरचं आणि नोकरीचं पुढच्या पत्रात लिहीन. आज जे पाहिलं ते तुला कळवल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी आम्ही तिघं एअर गावाच्या दक्षिणेला, समुद्राच्या कडेनं जाणाऱ्या ए-७१९ रस्त्यानं निघालो. डन्यूर गाव मागं पडलं की मेंढ्यांची कुरणं लागतात आणि खाली क्लाइडची खाडी दिसते. लांब पाण्यात एल्सा क्रेगचा एकटा, घुमटासारखा खडक. कर्लिंग नावाच्या बर्फावरच्या खेळातले बरेचसे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे असतात. रस्ता साधाच, आपल्या तासगावकडच्या रस्त्यांसारखा. त्यावर क्रॉय ब्रे आहे. स्कॉट बोलीत ब्रे म्हणजे चढण. पण सगळीकडे तिला 'इलेक्ट्रिक ब्रे' म्हणतात, कारण या जमिनीत वीज किंवा चुंबक आहे अशी पूर्वी लोकांची समजूत होती.

झाडीच्या टोकाला गाडी उभी केली. समोर वळणापर्यंत रस्ता स्वच्छ चढत गेलेला. मागंपुढं कोणी नाही हे दोनदा पाहिलं, चारही इंडिकेटर लावले, गाडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेकवरचा पाय काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग गाडी हलली, पुढं, चढाच्या दिशेनं. मागं बसलेली चिऊ एकदम गप्प झाली. माझ्या हाताला घाम आला रे! कुणीतरी दोरी बांधून सावकाश ओढतंय असंच वाटत होतं.

रस्त्याकडेला गाड्या थांबवायची जागा आहे, तिथं एका दगडावर मोजमापं कोरली आहेत. वळण समुद्रसपाटीपासून २८६ फूट, झाडीकडचं टोक ३०३ फूट, मधलं अंतर सुमारे पाव मैल. म्हणजे मला चढ दिसत होता तिथं खरा उतार होता, ८६ फुटांना एक फूट. एवढ्याशा उतारावर चाकांचा अडसर जेमतेम सुटतो, म्हणून गाडी पळत नाही, नुसती सरकते. आणि ती सरकते म्हणूनच कुणीतरी ओढल्यासारखं वाटतं. घरंगळली असती तर उतार लगेच ओळखला असता.

दोन्ही बाजूंच्या जमिनीची ठेवणच अशी आहे की डोळा फसतो. रस्ता चढतोय की उतरतोय हे आपण रस्त्याकडे बघून ठरवत नाही, आजूबाजूच्या रानावरून, झाडांवरून, क्षितिजावरून ठरवतो. तीच तिरकी असली की डोळ्याची पाणसळच बिघडते. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या पाओला ब्रेसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेबलावर अशा रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृती करून लोकांना दाखवल्या होत्या. २००३ साली त्यांचा निबंध छापून आला. मोठ्या उताराला लागून हलका उतार असला की तो हलका भाग चढासारखा दिसतो, असं त्यात आहे. लेहजवळच्या मॅग्नेटिक हिलचीही गोष्ट हीच.

हे सगळं समजल्यावर मी पुन्हा झाडीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता तरी रस्ता उतरता दिसेल. नाही दिसला. आकडे पाठ झाले होते, तरी चढ तो चढच. चिऊनं बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं. ती बारीकशी धार वळणाकडं, वर चालली होती. मी खाली बसून बघत राहिलो आणि तुमच्या द्राक्षबागेच्या वरची ती चारी आठवली.

आठवते ना? विहिरीपासून आपण दोघांनी दोन दिवस खणली होती. पूर्वेला उतार आहे हे मी ठामपणे सांगितलं. तू म्हणत होतास, भाऊंना विचारू. मी ऐकलं नाही. पाणी सोडलं तर ते उलटं फिरून विहिरीकडंच आलं. भाऊ एक शब्द रागावले नाहीत. दोन टोकांची पातळी दाखवणारी, पाणी भरलेली लेव्हलची नळी आणली, एक टोक तुझ्या हातात दिलं, एक माझ्या. मागं डोंगर होता, त्यानं मला फसवलं होतं, हे मला आज क्रॉयच्या रस्त्यावर उमगलं. इतकी वर्षं मी मनात म्हणत आलो की तिथली मातीच खचली असेल. तुझं बरोबर होतं, दिगू. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

येताना थोडं पुढं कलेनचा किल्लाही पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा वरचा मजला अमेरिकी सेनापती आयसेनहॉवर यांना राहायला दिला होता. किल्ला सुंदर आहे, पण माझं लक्ष मागच्या रस्त्यातच होतं.

तू जूनमध्ये येतो म्हणाला होतास, ते नक्की कर. तेव्हा इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि उशिरा त्या रस्त्यावर गर्दीही नसेल. सामानात भाऊंची नळी टाक. वीस मीटर धरली तरी दोन टोकांखालच्या रस्त्यात वीतभर फरक निघायला हवा. खालचं टोक तू धर.

काकूंना आणि भाऊंना नमस्कार.

तुझा,
विनू