सरांच्या वह्या आणि दादरचा गुरुवार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लालबागच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या निधनाची चार ओळींची बातमी नुकतीच आपल्या अंकात आली. 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, जावई व नातवंडे असा परिवार आहे' इथे ती संपली. परिवार त्याहून बराच मोठा होता, म्हणून हे पत्र. घरच्यांच्या इच्छेवरून सरांचं नाव लिहीत नाही. चित्राखालीसुद्धा ते कधी सही करत नसत.

मी त्यांचा विद्यार्थी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांची तयारी त्यांनी आमच्याकडून शाळा सुटल्यावर, एक पैसा न घेता करून घेतली. शाळेला सुट्टी लागली की मात्र सर मुंबईत सापडायचे नाहीत. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास, खांद्याला शबनम, त्यात वही आणि पेन्सिली. पुढे महाराष्ट्र पुरेना, तेव्हा रेल्वेच्या साध्या डब्यातून बिहार, बंगाल, आसाम. विजयदुर्गची खाडी, माजुली बेटावरची बांबूच्या खांबांवर उभी घरं, कटिहारकडे रस्त्याच्या कडेला वाळत ठेवलेले तागाच्या काड्यांचे भारे, सगळं वहीत. एका जिल्ह्याची एक वही, पाठीवर जिल्ह्याचं नाव. प्रदर्शन भरवा म्हटलं की विषय बदलायचे.

या वह्यांचं खरं चीज झालं ते निवृत्तीनंतर. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. तिथे उपचारांसाठी देशभरातून माणसं येतात, आणि कित्येकांचा मुक्काम महिनोन् महिने लांबतो. त्यातल्या अनेकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. सर दर गुरुवारी तिथे जायचे. पहिला प्रश्न एकच, "गाव कुठलं?" पुढच्या गुरुवारी त्या जिल्ह्याची वही पिशवीत असायची.

एकदा मी सोबत होतो. कटिहारकडचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा, केमोमुळे केस गेलेले, तोंडावर मास्क. दोन आठवडे तो कुणाशी बोलला नव्हता असं त्याची आई म्हणाली. सरांनी तागाच्या भाऱ्यांचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि मग बोट ठेवून चुका सांगायला लागला. भारे असे लावत नाहीत, मध्ये वारा जायला जागा ठेवतात. सरांनी खडू त्याच्या हातात दिला. त्या वहीत आज सरांच्या चित्रावर त्या मुलाच्या निळ्या रेघा आहेत. सरांनी त्या तशाच राहू दिल्या.

केमो चालू असलेल्या मुलांना संसर्गाची भीती असते, म्हणून प्रत्येकाला खडूची वेगळी, नवी पेटी. खर्च पेन्शनमधून. मराठी वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळेपासून टाटापर्यंतचा नकाशा नुसत्या चित्रांनी काढला होता. हिंदमातापाशी गुडघाभर पाण्यात उभा माणूस आणि त्यावर फुली, म्हणजे मोठ्या पावसात इथून जाऊ नका. त्याच्या झेरॉक्स मीच काढून आणायचो. घडी घालून खिशात ठेवलेला तो कागद कितीतरी बापांनी गावी परत नेला असेल.

सरांच्या पत्नींनी सगळ्या वह्या माझ्याकडे दिल्या आहेत. "गुरुवार चुकवू नकोस" एवढंच त्या म्हणाल्या. मी जातो आहे, वह्या दाखवतो आहे. पण मुलं खडू पुढे करून "अब बनाओ" म्हणतात तेव्हा माझा हात चालत नाही. इंटरमिजिएटनंतर मी पेन्सिल धरलीच नाही, याचं आज वाईट वाटतं. दादर-परळ भागातल्या चित्रकला शिक्षकांना, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. धर्मशाळेच्या कार्यालयात रीतसर परवानगी घ्या आणि गुरुवारी दोन तास या. सध्या तिथे मुर्शिदाबादची एक मुलगी आहे. त्या जिल्ह्याची वही सरांकडून राहून गेली. ती तोंडी सांगते आहे, नदी कुठे, घाट कुठे, तिचं घर कुठे. काढणारं कुणीतरी हवं आहे.

आपला,
सरांचा एक माजी विद्यार्थी
लालबाग, मुंबई