बाळाच्या रक्ताला टाकाऊ म्हणू नका

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
नाळेतलं रक्त साठवणारी कंपनी

विषय : प्रसूतीच्या वेळी तुमच्या कर्मचाऱ्याने केलेली घाई

महोदय,

मला सातवा लागला तेव्हा तुमचा प्रतिनिधी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला होता. "नाळेतलं रक्त नाहीतरी फेकूनच देतात," असं तो म्हणाला. तुमच्या माहितीपत्रकातही 'टाकाऊ' हाच शब्द आहे. आम्ही विश्वासाने ते रक्त पुढच्या उपचारांसाठी साठवून ठेवायचा पहिला हप्ता भरला.

प्रसूती सुखरूप झाली. बाळाला माझ्या पोटावर ठेवलं होतं. नाळ निळसर, बोटाएवढी जाड, आणि तिचे ठोके मला डोळ्यांनी दिसत होते. डॉक्टरबाई थांबणार होत्या. तेवढ्यात तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, लवकर क्लॅम्प लावा, पिशवी भरणार नाही." अर्ध्या मिनिटाच्या आत नाळ कापली गेली.

आज मुलगी नऊ महिन्यांची आहे. हिमोग्लोबिन ८.४, हवं किमान ११. तळवे पांढुरके दिसतात, मऊ भाताचा घास तोंडात तसाच धरून बसते. बालरोगतज्ज्ञांनी समजावलं, की नाळ एक ते तीन मिनिटं तशीच ठेवली तर वारेतलं ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळात उतरतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी पाव लिटरच्या आसपास! आईच्या दुधात लोह थोडंच असतं, पहिले सहा महिने बाळ या रक्तातल्या लोहाच्या शिदोरीवर काढतं. एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमच्या आजेसासूबाई तर म्हणाल्या, त्यांच्या वेळची सुईण ठोके थांबेपर्यंत नाळेला हात लावत नसे.

केवळ तुमच्यामुळे तिचं रक्त कमी झालं, असा माझा आरोप नाही. गरोदरपणात माझंही हिमोग्लोबिन कमीच होतं. पण म्हणूनच तिला ते रक्त जास्त हवं होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातेतली पाच वर्षांखालची शंभरातली जवळजवळ ऐंशी मुलं रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात तुम्ही हा धंदा करता आणि संमतीपत्रात नाळ कधी बांधणार याबद्दल एक ओळ नाही!

आमचे पैसे परत करा. पत्रकातला 'टाकाऊ' शब्द काढा. प्रसूतिगृहात डॉक्टरांना घाई करायची नाही, उरलं तेवढंच रक्त घ्यायचं, अशी लेखी सूचना कर्मचाऱ्यांना द्या आणि तिची प्रत मला पाठवा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

आपली ग्राहक,
बडोदे