३१ मेपासून उलटे मोजा : मुंबई महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सविनय नमस्कार.

मुंबईतले सुमारे ७०० किलोमीटर रस्ते दोन टप्प्यांत काँक्रीटचे करण्याचा निर्णय आम्हा रस्त्याच्या कामातल्या माणसांना मान्य आहे. आमची मागणी खोदाईच्या परवानगीपुरती आहे. ती देताना पावसाळ्याआधीच्या ३१ मेपासून उलटे मोजा.

त्या दिवशी रस्ता खुला करायचा तर वरचे एम-४० (जास्त ताकदीचे) काँक्रीट ३ मेपर्यंत पडले पाहिजे, कारण त्याला ठरलेली ताकद यायला २८ दिवस लागतात. खालचा ड्राय लीन काँक्रीटचा, म्हणजे कमी सिमेंट-पाण्याच्या कोरडसर काँक्रीटचा, १५० मिलिमीटरचा थर त्याच्या सात दिवस आधी, म्हणजे २६ एप्रिलला. त्याआधी खोदाई, पाण्याची लाइन, मलनिस्सारण, केबल, मग खडीचा थर आणि रोलर. याला पाच आठवडे धरा. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला ७० दिवस झाले. वाहतूक चालू ठेवून अर्धा-अर्धा रस्ता करायचा तर १४०. म्हणून ११ जानेवारीनंतर दोन्ही बाजूंच्या कामासाठी आणि २२ मार्चनंतर एका बाजूसाठीही खोदाई सुरू होऊ देऊ नये. २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता, तेव्हा या हिशेबातही हात राखून ठेवलेला बरा.

दिवस खरे तर जमिनीखाली जातात. नकाशात डावीकडे दाखवलेली पाण्याची लाइन प्रत्यक्षात रस्त्याच्या मधोमध निघते, बिननोंदीची केबल सापडते, रोलर थांबतो आणि उघड्या खड्ड्याभोवती पत्रे उभे राहतात. रस्ता बंद करण्याआधी दर ५० मीटरवर एक अरुंद आडवा चाचणी खड्डा हाताने खणून घ्यावा. एका रात्रीत तो बुजवता येतो. आणि प्रत्येक चौकात काँक्रीटखालून दोन-तीन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. उद्या कुणाला केबल न्यायची झाली तर नवा रस्ता फोडायची वेळ येणार नाही.

आता घाईत काय बिघडते ते. सहा घनमीटर माल घेऊन निघालेली मिक्सर गाडी वाहतुकीत अडकते. दोन तास होत आले की माल घट्ट होतो, मग ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला जातो. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १५२ लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.३८ असते. गाडीत फक्त ६० लिटर, म्हणजे तीन मोठ्या बादल्या वाढवल्या की ते ०.४० च्या वर जाते. ताकद घटते, सिमेंटचे पाणी वर येते आणि पृष्ठभाग पुढे धुळीसारखा सुटू लागतो. काँक्रीटच्या प्लांटवर भरलेल्या क्यूबमध्ये, म्हणजे ताकद तपासायच्या ठोकळ्यांत, हे कधीच दिसणार नाही. क्यूब रस्त्यावर, गाडी रिकामी होताना भरावेत आणि स्लम्प (ओला माल किती ढासळतो याची चाचणी) ठरलेल्या मापात बसला नाही तर गाडी परत जावी. गुणवत्ता तपासणीसाठी आयआयटी मुंबई नेमलेली आहेच, तिची माणसे रात्रीच्या ओतकामाला हजर असू द्या.

रात्रीचा आग्रह वाऱ्यामुळे. मार्च ते मे दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा ओल्या काँक्रीटवरचे पाणी ओढून घेतो आणि पहिल्या काही तासांतच केसासारख्या तिरक्या भेगा उमटतात. म्हणून ओतकाम सूर्यास्तानंतर करावे, वरची चकाकी जाताच क्युरिंग कंपाउंड (ओल टिकवणारा फवारा) मारावे, नंतर गोणपाट अंथरून किमान १४ दिवस पाणी मारावे. तपासणी सोपी आहे. दुपारी तीन वाजता गोणपाटाचा कोपरा उचला. खाली पांढरट, कोरडे दिसले तर वहीत काहीही लिहिलेले असो, तिथे पाणी मारलेले नाही.

सांध्याचे काप मारणाऱ्या कटरचेही तसेच. ३०० मिलिमीटरच्या स्लॅबला साधारण ४.५ मीटरवर, ७५ ते १०० मिलिमीटर खोल काप लागतो आणि तो ओतकामानंतर बहुधा सहा ते दहा तासांत मारावा लागतो. उशीर झाला की स्लॅब स्वतःच तडकतो, तोही वाटेल तिथे. जागेवर दुसरा कटर आणि जादा पाते नसेल तर ओतकाम सुरूच होऊ नये. सांध्यातल्या, दोन स्लॅबमध्ये भार वाहून नेणाऱ्या ३२ मिलिमीटरच्या डॉवेल सळ्या रस्त्याच्या दिशेत आणि सपाटच बसायला हव्यात. तिरकी सळी दोन स्लॅब जखडून टाकते, सांधा हलत नाही आणि शेजारी भेग पडते.

वाहतुकीबद्दल एवढेच की समांतर रस्ते एकाच हंगामात खणू नका. माहीम-दादर पट्ट्यात लेडी जमशेटजी मार्गावर काम असेल, तर सेनापती बापट मार्ग आणि स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग पूर्ण मोकळे हवेत. अर्ध्या रस्त्याच्या कामात ३.५ मीटरची वाट कायम उघडी ठेवा, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी तिथूनच जाणार आहे. सोसायट्यांच्या फाटकांसमोर चरावर कठड्यासह पक्की फळी हवी. म्हातारी माणसे त्यावरून रोज ये-जा करतात.

आमची विनंती अशी, की ऑक्टोबरमध्ये कामे सुरू होण्याआधी प्रत्येक रस्त्याच्या फलकावर चार तारखा लिहाव्यात : खोदाई, खालचे काँक्रीट, वरचे काँक्रीट आणि वाहतूक खुली. यातली पहिली तारीख चुकली तर तो रस्ता त्या हंगामात खणू नये, पुढच्या ऑक्टोबरला घ्यावा.

आपले,
रस्त्याच्या कामातले काही मुंबईकर