निबंधातली शिवी कोणाच्या तोंडची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत परदेशातल्या अ‍ॅडमिशनवर पानभर माहिती आली, फी, व्हिसा, स्कॉलरशिप सगळं होतं पण निबंधावर जेमतेम दोन ओळी, म्हणून हे पत्र.

मी चोपडा तालुक्यातला, इंग्लिशचा रिटायर मास्तर. आपल्याकडे जेईई, नीट, सीईटी दिली की झालं, पोराला कोणी विचारत नाही की बाबा तू कोण, कुठला. अमेरिकेतली बरीच कॉलेजं विचारतात. तिकडे कॉमन अ‍ॅप म्हणून एक फॉर्म आहे, त्यात स्वतःबद्दल २५० ते ६५० शब्दांत लिहायचं, आणि तोच निबंध तुम्ही जितक्या कॉलेजांना अर्ज कराल (२० पर्यंत करता येतो) तितक्यांकडे जातो. यंदा माझा पुतण्या भरतोय. काही कॉलेजांची डेडलाइन १ नोव्हेंबर, म्हणजे घरात फराळ आणि हा लॅपटॉपसमोर.

त्याने लिहिलं आमच्या आप्पांवर. एका जूनमध्ये वादळाने आमची केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली, सकाळी आप्पा बांधावर उभे राहिले आणि आभाळाकडे बघून अहिराणीत अशी एक सणसणीत घातली की बाजूच्या मळ्यातली माणसंसुद्धा गप झाली. विषय एक नंबर होता हो. पण ऑनलाइन काउन्सेलरने सांगितलं थोडा एज म्हणजे धार पाहिजे, ऑथेंटिक वाटलं पाहिजे, झालं, पोराने इंग्लिशमधला तो एफवाला शब्द चार ठिकाणी पेरला. एकदा आप्पांच्या तोंडी, तीनदा स्वतःच्या.

मी काही सोवळ्यातला माणूस नाही. खान्देशात शिवी ही निम्म्या वेळा लाडाचीच असते, दोस्त भेटला आणि शिवी नाही दिली तर तो विचारतो, काय रे, रागावलास का! पण आप्पांच्या शिवीत वर्षभराचं खत, पाणी, सोसायटीचं कर्ज सगळं होतं, आणि तिचं इंग्लिश केलं की ती वेबसिरीजमधल्या कुठल्याही पोराची होते. आप्पा कधी तसं बोललेच नाहीत ना. मग ऑथेंटिक कसलं? आणि वाचणारा तिकडे ढिगाने निबंध वाचत बसलेला, एकाला हसू येईल, दुसरा म्हणेल या पोराला कुठे काय बोलावं तेच कळत नाही. २० ठिकाणी जाणाऱ्या कागदावर हा जुगार कशाला खेळायचा?

मी त्याला म्हटलं, आप्पांची शिवी ठेव, त्यांच्याच भाषेत, आहे तशी, वाक्यावरूनच कळतं ती शिवी आहे, अर्थ सांगत बसू नको. तुझ्या तीन काढ. तू काय उखडलंयस रे त्या बागेत, की शिवी द्यावी? तो फुगला, दोन दिवस बोलला नाही.

मग माझ्या लक्षात आलं की शिवीच्या पुढचं त्याने काही लिहिलंच नव्हतं. शिवी देऊन झाल्यावर आप्पा म्हणाले होते, "आते रडीसन काय व्हनार शे? कोयता लई ये." आणि दिवसभर आडव्या झाडांचे जे विकण्यासारखे घड होते ते कापले, पडेल त्या भावाने दिले, खोडं बाजूला केली आणि बुडाशी फुटलेलं चांगलं एकेक पील, म्हणजे कोंब, राखलं, त्यावर पुढचं पीक, म्हणजे पिलबाग धरायला. खरा निबंध तिथे होता, आणि पोरगं तिथे होतं, पाणी पाजत होतं सगळ्यांना, ते त्याला लिहावंसंच वाटलं नाही.

आता ते लिहिलंय. शिव्या काढून वाचलेले शब्द काही पुरले नाहीत, पील म्हणजे काय हे अमेरिकेतल्या माणसाला समजावण्यातच वीसेक शब्द गेले, म्हणून सुरुवातीचा सूर्योदय पण कापला. तो तर मला आधीपासूनच खटकत होता.

आपला,
एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव