सूचना : ८ डिसेंबरची मालवण भेट आणि हयातीचा दाखला

सर्व निवृत्त नौसैनिक सदस्यांनी ८ डिसेंबरला सकाळी १० वाजता मालवण जेटीजवळ जमावे.

४ तारखेचा नौदल दिन सगळेच जाणतात. ८ तारीख पाणबुडीवाल्यांची. १९६७ साली याच दिवशी रीगा बंदरात आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली. ‘कलवरी’सारख्या फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्यांवर नोकरी केलेल्यांनी यंदा बोलायचेच आहे : मोजून मिळणारे गोडे पाणी, आंघोळीविना गेलेले दिवस, रात्री स्नॉर्केल (हवा घेण्याची नळी) पाण्यावर काढून बॅटऱ्या चार्ज करणे आणि सुट्टीवर घरी आल्यावरही कपड्यांतून न जाणारा डिझेलचा वास (वहिनींनाही बोलू द्या, त्यांची बाजू वेगळी असते). जहाजांवरच्यांनी ‘आम्ही कुठे पाण्याखाली गेलो’ ही सबब सांगू नये.

९ डिसेंबर १९७१ ला युद्धात बुडालेल्या ‘खुकरी’ युद्धनौकेसोबत गेलेल्या १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांसाठी सुरुवातीला दोन मिनिटे उभे राहू.

हयातीचा दाखला मात्र नोव्हेंबरातच द्या, भेटीची वाट पाहू नका. मोबाईलवर जमत नसेल तर आधार आणि पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक घेऊन कार्यवाहांकडे या.

जेवणासाठी नावे ५ तारखेपर्यंत कळवा. शाकाहारींनी आत्ताच सांगावे; आयत्या वेळी बांगड्याच्या तिखल्यातून बांगडा काढता येत नाही.

– कार्यवाह