बाबा, इथे पिकते काय?

ब्रिग, स्वित्झर्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की त्या देशात डोंगरच डोंगर, मग तिथे पिकते काय आणि माणसे एवढी सधन झाली कशी? फोन ठेवल्यावरही तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आपल्या सातारा जिल्ह्याची चौपट केली की जवळजवळ अख्खा स्वित्झर्लंड होतो. त्यात सुमारे 90 लाख माणसे राहतात आणि निम्म्याहून अधिक भूभाग आल्प्स पर्वताने व्यापलेला आहे. बरीचशी शेतजमीन, झ्युरिक आणि बर्नसारखी शहरे उत्तरेच्या पठारावर आहेत. मी राहते तो वॉलिस प्रांत मात्र दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या लांबट खोऱ्यात आहे. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना चार हजार मीटरहून उंच शिखरांच्या रांगा असल्यामुळे ढग बाहेरच रिकामे होतात. महाबळेश्वरावर कोसळणारा पाऊस आपल्या माणपर्यंत येईतो जसा रिता होतो, अगदी तसेच. युरोपातही पर्जन्यछायेचा प्रदेश असेल, हे इथे येईपर्यंत माझ्या स्वप्नातही नव्हते.

डोक्यावर हिमनद्या आणि पायाखाली कोरडी जमीन, अशा या मुलखात शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगराच्या कडेकडेने पाट काढले आणि उभ्या कड्यांवर लाकडी पन्हळी टांगून वितळलेल्या बर्फाचे पाणी आपल्या कुरणांपर्यंत आणि द्राक्षमळ्यांपर्यंत नेले. इकडचे जर्मन बोलणारे लोक या पाटांना सुओनेन म्हणतात, तर खोऱ्याच्या खालच्या फ्रेंच भागात त्यांना बिस म्हणतात. पाणी पाळीने मिळे. कोणत्या घराचे किती तास, हे त्या घराच्या खुणेसह लाकडी पट्ट्यांवर कोरून ठेवलेले असे. काही पाटांवर पाण्याच्या जोराने फिरणारे एक लहान चाक आणि त्याला जोडलेला लाकडी हातोडा असे. त्याची ठकठक ऐकू येत आहे तोवर पाणी वाहते आहे, आणि ती थांबली की पाट कुठेतरी फुटला, हे पाटकऱ्याला अंधारातही कळे. दर वसंतात गावाने मिळून पाटांची दुरुस्ती करायची, हा रिवाज होता.

इथून जवळच उतारावर ट्योर्बेल नावाचे गाव आहे. तिथल्या गावकऱ्यांनी 1483 मध्ये लेखी करार करून आपल्या सामायिक कुरणांची व्यवस्था लावली आणि 1517 मध्ये नियम केला, की हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक गाई कोणीही उन्हाळ्यात वरच्या गायरानावर सोडू नयेत. म्हणजे ज्याच्याकडे जितका चारा, तितकाच त्याचा गायरानावर हक्क. सामायिक संपत्ती लोक स्वतःच सांभाळू शकतात, हे दाखवून 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी याच गावाचे उदाहरण दिले आहे. मला स्वतःला या देशाच्या घड्याळांपेक्षा आणि बँकांपेक्षा हा एक नियम अधिक मोलाचा वाटतो.

एवढे करूनही गरिबी हटली नव्हती. इथले तरुण शतकानुशतके परक्या राजांच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून जात. पोपच्या पदरी 1506 पासून असलेली स्विस तुकडी ही त्याचीच खूण आहे. एकोणिसाव्या शतकात तर या खोऱ्यातली कुटुंबेच्या कुटुंबे अर्जेंटिनाला निघून गेली. सधनता आली ती फार पुढे, रेल्वे, वीज, कारखाने आणि पर्यटन यांच्यामुळे. ब्रिगहून इटलीला जाणारा सुमारे 20 किलोमीटरचा सिम्पलॉन बोगदा 1906 मध्ये सुरू झाला. तो खोदणारे मजूर बहुतेक इटालियन होते. पुढे धरणे बांधायलाही तेच आले. 30 ऑगस्ट 1965 रोजी मॅटमार्क येथे धरणाचे काम चालू असताना हिमनदीचा कडा तुटून मजुरांच्या वसाहतीवर कोसळला आणि 88 माणसे गाडली गेली. त्यांपैकी 56 इटालियन होती. खटल्यात सगळे आरोपी निर्दोष सुटले. बाबा, 1972 च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होतात, त्याची मला तिथे फार आठवण झाली.

आज देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून होते. 285 मीटर उंचीचे ग्राँद दिक्साँस धरण याच प्रांतात आहे. यातली एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे: वीज कंपन्यांना पाण्याच्या वापराबद्दल पाणीपट्टी भरावी लागते आणि तिचा वाटा डोंगरातल्या गावांनाही मिळतो. कोयनेच्या काठावरून उठलेल्या गावांचे तुम्ही सांगितलेले सगळे मला आठवले आणि असा विचार आपल्याकडेही वेळेवर व्हायला हवा होता, असे मनापासून वाटले.

आई, आता तुझ्यासाठी. या देशाच्या संघराज्याची पहिली राज्यघटना 1848 ची आहे, प्रत्येक महत्त्वाचा कायदा लोकांच्या मतावर टाकता येतो, पण बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो 7 फेब्रुवारी 1971 च्या मतदानाने, आणि तोही पुरुषांनी दिलेल्या मतांवर. त्यानंतर महिन्याभरातच तू लोकसभेसाठी तुझे पहिले मत दिलेस, आणि त्यासाठी तुला कोणाची परवानगी मागावी लागली नव्हती. याच प्रांतातल्या उंटरबेख गावात मात्र 1957 मध्ये 33 बायकांनी हिंमत करून मतपेटीत मते टाकली होती. ती मोजली गेली नाहीत.

मागच्या वर्षी, 28 मे 2025 रोजी, जवळच्या लोचेन खोऱ्यातले ब्लाटेन गाव बर्च हिमनदीखाली जवळजवळ पूर्ण गाडले गेले. डोंगरावर देखरेख असल्यामुळे सुमारे 300 गावकऱ्यांना गुराढोरांसह काही दिवस आधीच हलवले होते. तरीही एका माणसाचा जीव गेला. ज्या बर्फाच्या भरवशावर हे सगळे पाट काढले, तोच आता वितळत आणि ढासळत चालला आहे, आणि इथले म्हातारे शेतकरी हल्ली त्याच काळजीत असतात.

आमच्या शेजारचे आजोबा अजूनही पाटाच्या दुरुस्तीला जातात. आपल्या ओढ्यावरच्या पाटाची पाळी पूर्वी कशी ठरत असे, रात्रीची पाळी कोणाकडे असे आणि भांडण झाले तर ते कोण मिटवत असे, हे त्यांनी माझ्याकडे दोनदा विचारले आहे. बाबा, तुम्हाला आठवते ते सगळे लिहून पाठवा. मी त्यांना जर्मनमध्ये वाचून दाखवीन.

तुमची लेक