कॅलरी मोजता, तसं ताटातल्या अन्नाचं वजनही मोजा

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं यांच्या जेवणाचे नियम करताना कॅलरींचा आकडा आवर्जून ठरवला जातो. त्या कॅलरी किती ग्रॅम अन्नातून मिळणार, हेही नियमात यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

१०० कॅलरींचे मनुके जेमतेम मूठभर होतात, साधारण ३३ ग्रॅम. तेवढ्याच कॅलरींची द्राक्षं दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात. फरक मुख्यतः पाण्याचा, आणि पोटाला तो लगेच जाणवतो. जठर ताणलं गेलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला खबर जाते. तो ताण अन्नाच्या आकारमानाचा असतो. कॅलरींचा हिशेब पुढे लहान आतड्यात लागतो. तिथे स्निग्ध पदार्थ पोचले की कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरकं स्रवतात आणि जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. मिनिटाला जेमतेम २ ते ३ कॅलरी पुढे सरकतात. तेलकट जेवण तासन्‌तास जड वाटतं ते यामुळेच. पण तो जडपणा जाणवेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं. अशा वेळी खाणाऱ्याला हावरट ठरवणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

अमेरिकी पोषणशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांच्या गटाने १९९९ मध्ये स्त्रियांवर केलेला प्रयोग तुमच्या अधिकाऱ्यांनी जरूर वाचावा. कोंबडी-भाताच्या पदार्थात पाणी मिसळून त्याचं सूप केलं, तर त्यानंतरच्या जेवणात स्त्रियांनी कमी खाल्लं. तोच पदार्थ आणि तेवढंच पाणी पेल्यात वेगळं दिलं, तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसतं ‘जेवताना पाणी प्या’ सांगून भागणार नाही. भाज्या, डाळी, फळं पदार्थातच वाढवावी लागतील.

मात्र सरसकट ‘हलकं जेवण’ असा आदेश कृपा करून काढू नका. वरचं अन्न सुरू झालेल्या बाळाचं पोट एवढंसं. पाणीदार पेजेने ते भरतं आणि बाळ उपाशीच राहतं. अशक्त रुग्णांचं, भूक मंदावलेल्या वृद्धांचंही तेच. त्यांच्या दोन घासांत तेल-तूप, दाण्याचं कूट हवंच.

म्हणून प्रत्येक जेवणापुढे त्याचं शिजलेलं वजन आणि दर १०० ग्रॅममागे कॅलरी लिहिणं बंधनकारक करा. निरोगी प्रौढांसाठी या आकड्याची वरची मर्यादा ठरवा. बाळं, रुग्ण आणि वृद्धांसाठी खालची. त्यासाठी लागणारा वजनकाटा बहुतेक स्वयंपाकघरांत आधीपासून आहे.

आपली,
एक आहारतज्ज्ञ